आजीबाईंचं एक वर्ष राहून गेलं

प्रिय दत्ता,

भांडायला माणूस हवंय म्हणून लिहितेय. तू गेल्यापासून सगळे माझ्याशी इतकं गोड बोलतात, की "मंगल, डोकं फिरलंय का तुझं, पुन्हा मोज" असं म्हणायला कुणी उरलेलंच नाही. आणि या आठवड्यात मला नेमकं तेच ऐकायचंय. तुझी मोजणी आणि माझी मोजणी जुळत नाहीये रे. खोडातल्या एका वलयाचा, म्हणजे झाडाच्या एका वर्षाचा फरक येतोय.

कुठल्या काडीवर, हे तू ओळखलं असशीलच. फिनलंडच्या त्या जुन्या पाइनच्या खोडातून काढलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी. तू तिला "आजीबाई" म्हणायचास. तुझी मोजून झाली होती, माझी राहिली होती, आणि मधेच तू निघून गेलास. छातीत दुखतंय हे निदान धड सांगायचंस तरी! "ॲसिडिटी असंल" म्हणून जिरं चावत बसलास. तो राग अजून आहे, सांगून ठेवते.

आपला नियम आठवतो ना? दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांचा आकडा बघायचा नाही, आणि मग चहा घेताना आकडे उघडे करायचे. फरक निघाला की चहा गार होईपर्यंत वाद. आपल्या संसारात बाकी नियम फारसे टिकले नाहीत, हा मात्र टिकला.

कित्येक महिने काड्यांच्या कपाटाला मी हात लावला नव्हता. आता लावावा लागला, कारण फिनलंडच्या थंडीवाल्या बाईंचा मेल आला. (हे नावही तुझंच. बर्फात उभं राहून हसत फोटो काढतात म्हणून!) उत्तरेकडच्या सगळ्या जंगलांच्या वलयांची जी मोठी मालिका त्या लावताहेत, तिच्यात तू केलेला आजीबाईंच्या सालांचा तक्ता शुक्रवारी जोडणार आहेत. एकदा जोडला की आपली चूकही त्यात मुरून जाणार. मला वाटलं, माझी मोजणी तेवढी उरकून टाकावी आणि "हो" कळवावं.

एक वलय जास्त आलं. पुन्हा मोजलं. बारीक पॉलिश पेपरने काडी पुन्हा घासली, भिंग बदललं, खिडकीजवळ जाऊन बसले. जास्तच! इतकं अरुंद वलय, की मायक्रोस्कोपखाली श्वास रोखून बघावं लागतं. कड अगदी पुसट. आणि तिच्याशेजारी तुझ्या पेन्सिलीचा छोटासा ठिपका. म्हणजे तुला ते दिसलं होतं. दिसूनही तू सोडलंस.

का सोडलंस तेही मला कळलं. तू शिकलास आपल्या कन्नड तालुक्यातल्या सागावर. आपला पाऊस येतो, रुसतो, महिनाभर गायब होतो, पुन्हा येतो. बिचाऱ्या सागाला वाटतं वर्ष संपलं. तो रेघ ओढतो, आणि पुन्हा वाढायला लागतो. एका वर्षाच्या दोन रेघा! म्हणून पुसट रेघ दिसली की ती खोटी समजून सोडायची, हे तुझ्या हाडात भिनलेलं. पण दत्ता, फिनलंडच्या पाइनला आपल्या पावसाचे नखरे काय माहीत? तिथं सगळा कारभार थंडीचा. तिथं पुसट कड म्हणजे त्या साली उन्हाळा नावालाच आला होता. नेमकं जे थंड वर्ष शोधायला तू बसला होतास, तेच हातातून निसटलं.

आणि एक निसटलं की त्याच्या आतली सगळी वलयं एकेक वर्ष सरकतात. तुझ्या तक्त्यातली जुनी थंड वर्षं सगळी चुकीच्या साली जाऊन बसली आहेत. गप्प राहिले तर ती तशीच मोठ्या मालिकेत जाणार, आणि पृथ्वी कधी गारठली, कधी तापली याचा हिशेब लावणारे त्यावर विसंबणार. बोलले तर तुझ्या शेवटच्या कामावर मीच काट मारायची. सांग, काय करू?

आधी रुबीनाला मोजायला दिलं. माझा आकडा सांगितला नाही, नियम म्हणजे नियम. तिचा आकडा तुझ्याएवढाच आला! मला किती बरं वाटलं, काय सांगू. मग तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. "मॅडम, सरांनी शिकवलंय ना, पुसट कड सोडायची. मेरेकू तो सरच बराबर लगते." तुझीच विद्यार्थिनी ती, तुझीच चूक करणार. माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

शेवटी त्याच जंगलातल्या दुसऱ्या झाडांच्या काड्या कपाटातून काढल्या आणि आजीबाईंच्या शेजारी ठेवल्या. मी चुकावं म्हणून देवाला हात जोडत होते, मी! प्रत्येक काडीत त्याच जागी तेच अरुंद, फिकट वलय. काहींत तर कड चांगली स्पष्ट. त्या साली अख्ख्या जंगलाला हुडहुडी भरली होती. रुबीना खाली बघत म्हणाली, "सरांना आवडलं असतं ओ हे." आणि मग आम्ही दोघी रडलो.

मेल पाठवण्याआधी आईंना सांगावं म्हणून फुलंब्रीला गेले. तुझा तक्ता त्यांनी देवघराशेजारी लावलाय, माहितीये? येईल त्याला दाखवतात. एकेकाळी त्याच म्हणायच्या, "इथं नळाला आठ-आठ दिस पाणी नाय अन् तुमी तिथली झाडं मोजा! त्यानं इथं पाऊस पडणार हाय का?" आणि तू म्हणायचास, "आये, पृथ्वी एकच हंडा हाय. एका अंगानं तापला की सगळं पाणी तापतंय."

मी जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. त्या उसळल्याच. "त्यो गेला, अन् आता त्याच्या चुका काढायलीस व्हय?" निघताना गुढीचं विचारलं, तर तोंड फिरवून म्हणाल्या, "यंदा आपल्याला सण नाय. हे वरीस धरायचंच नाय."

चिकलठाण्याला पोचेपर्यंत तेच वाक्य कानात होतं. घरात येते न येते तोच त्यांचा फोन. आवाज बसलेला. "मंगल, त्या बाईला कळव. पर चुकला असं लिहू नको माझ्या लेकाला. एक वरीस मोजायचं राहिलं, असं लिही."

त्यानंतर मी मेल लिहायला घेतला. "राहिलं" याला इंग्रजी शब्द सापडेना, शेवटी सरळ सगळी हकिगत लिहिली. साग, रुसणारा पाऊस, तुझा ठिपका, सगळं. तो ठिपका मी पुसणार नाही. कारण ते वलय सगळ्यांत आधी तुला दिसलं होतं.

मेल उद्या सकाळी जाईल. भीती अजून वाटतेय. थंडीवाल्या बाई काय म्हणतील, तुझे बाकीचे तक्तेही तपासावे लागतील का, पुढच्या काड्या माझ्यासोबत कोण मोजणार? रुबीनाला मी सागाची सवय मोडायला लावणार आहे. माझ्याशी भांडायलाही शिकवीन. वेळ लागेल, "मॅडम, मॅडम" करते अजून.

आणि दत्ता, एक कबूल करते. गुढी उभारणार नाही, आईंचा शब्द मोडणार नाही. पण तू नसलेलं हे वर्ष मी सोडणार नाही. कितीही बारीक असलं, कितीही पुसट असलं, तरी मोजीन.

तुझी,
पुन्हा मोजून बघणारी,
मंगल