ताण्याच्या सुताच्या वाती

आई, तुझ्या पोटात गाठ आहे हे तू मला सांगितलं नाहीस, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात तू बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस आणि आत त्या मला सांगत होत्या की गर्भाशय काढावं लागेल, रक्त फार जातंय, आता लांबवू नका. मी बाहेर आले तर तू उठून उभीच. "झालं न्हवं? चल, रोपास्नी पाणी घालायचं ऱ्हायलंय." रिक्षात मी तुला सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, पावसाळा होऊन जाऊ दे, मग बघू. मला इतका राग आला की स्टँडवर उतरताना तुझ्या हातातली पिशवी मी हिसकावूनच घेतली.

रोपं हे तुझं हुकमी कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बाबा गेल्यावर तू घरामागं बांबू रोवून त्यांवर प्लॅस्टिकचा कागद ताणलास. गाव त्याला कागदाचं घर म्हणायचं. आत ट्रेमध्ये मिरची, टोमॅटो, झेंडूची रोपं, आणि ती न्यायला निम्मं गाव पावसाची वाट बघत थांबलेलं. मे महिन्यात त्या आत उभं राहवत नाही. ट्रेचे ते एवढेएवढे खण, एक दुपार पाणी चुकलं की ओळच्या ओळ आडवी. लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळे मोटरीचा भरवसा नाही. तू आपली झारी घेऊन सकाळ-दुपार फिरत असायचीस, आणि ती झारी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाहीस. मी घालते म्हटलं तर म्हणालीस, "तू पाणी घालत न्हाईस, पूर आणतीस."

मग मी म्हटलं, पाणी आपोआप जाईल असं करते, मग तर येशील? तू हसलीस. "आपोआप भाकरीबी भाजत न्हाय." पण मी हटत नाही म्हटल्यावर पैज लावलीस. "चार दिस कुणी झारीला हात लावायचा न्हाय. रोपं उभी ऱ्हायली तर येतो मी दवाखान्यात. पडली तर परत नाव काढायचं न्हाय." मी हो म्हणून बसले.

माझं सासर कबनूरचं, घरात माग. मागावरचा सुताचा रूळ, म्हणजे बीम, संपताना ताण्याचं, उभ्या धाग्यांचं, जे सूत उरतं, त्याच्या लडी मी पोतंभर आणल्या. पाईप उभे चिरून पन्हळी केल्या, त्यांवर ट्रे ठेवले. निळा बॅरल उंचावर ठेवून त्याची नळी पन्हळीत सोडली आणि तिला संडासाच्या टाकीतला बॉल लावला, पाणी खाली गेलं की बॉल उतरायचा आणि नवं पाणी यायचं. प्रत्येक खणाच्या भोकातून एक वात खाली पाण्यात. वाती तूच वळल्यास, स्वयंपाकघरात, देवाच्या वळतेस तशा तळहातावर. "संडासाचा बॉल आन् देवाची वात," म्हणालीस, "लई शिकलीस गं सासरी." मी हसले, पण तुझी नखं पांढरीफटक दिसत होती आणि वळता वळता तू मध्येच भिंतीला टेकत होतीस.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दुपारी झेंडूनं माना टाकायला सुरुवात केली. मी आत जाते, बाहेर येते, परत आत जाते. तू चुलीपुढं, मुद्दाम पाठ करून. परसातल्या दोरीवर तुझ्या अंगावर जाणाऱ्या रक्ताच्या, धुतलेल्या कापडाच्या घड्या वाळत होत्या, मला मोजवल्या नाहीत. त्या दिवशी मला तुझी काळजी वाटत होती आणि रोपांचीही, आणि जास्त कुणाची हे सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी कागदाचं घर उघडलं तर सगळी रोपं ताठ उभी. मी आनंदानं ओरडणार होते. तेवढ्यात बॅरलकडं नजर गेली. पाणी पहिल्या दिवशी होतं तिथंच. पन्हळ काठोकाठ. एक वात ओढून बघितली, पाण्यात बुडलेलं टोक तेवढं ओलं, वर कोरडी ठणठणीत. आणि ट्रेची माती मात्र वरून काळी, ओलीचिंब, रात्री कुणी झारी फिरवल्यासारखी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ताण्याच्या सुताला खळ असते, मेण असतं. उकळून धुतल्याशिवाय ते पाणी शोषत नाही. मागवाल्यांच्या घरात राहून मला ते सुचलं नव्हतं.

तू दारात येऊन उभी होतीस. लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला. "बघ की, उभी हाईत. चौथ्या दिसाची वाट कशाला? जिंकलीस बाई. कवा जायाचं दवाखान्यात?"

मी ती कोरडी वात मुठीत लपवली. खरं बोलले असते तर पैज मोडली असती आणि तू पावसाळ्यापर्यंत मोकळी झाली असतीस. मी म्हटलं, "उद्याच." तू गावातल्याच मामाला उद्या निघायचं म्हणून सांगायला गेलीस. तू वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी सगळ्या वाती उपसून मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळल्या, पिळल्या, परत एकेक ओवल्या. बोटं भाजली होती. पहिल्या वातीतून ओल वर चढताना दिसली तेव्हा मी तिथंच मातीत बसून रडले.

दवाखान्यात आधी रक्त चढवायला दोन दिवस ठेवून घेतलं. रोपांचं तू एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, विश्वास बसला असेल. ऑपरेशनच्या सकाळी मी समोरच्या एसटीडी बूथवरून शेजारच्या काकूंना फोन केला आणि धावत वर आले. तुला आत नेत होते. "आई, रोपं उभी आहेत. पाणी चढतंय."

तू मान उचललीस. "चढतंय? खरंच चढतंय?"

ते तुझं तोंड मी विसरलेले नाही. मी वाती उकळल्या तेव्हा तू घरी नव्हतीस. तुला ठाऊक होतं, आई. वाती कोरड्या आहेत, आपण गेल्यावर उन्हात सगळं होरपळून जाणार, हे ठाऊक असून तू कागदाच्या घराचं दार लावून माझ्याबरोबर निघालीस. अख्ख्या हंगामावर पाणी सोडून निघालीस. तुला जगायचं होतं, आणि ते तोंडानं म्हणायची तुला लाज वाटत होती, म्हणून मला जिंकवलंस.

त्यानंतर तू पुष्कळ वर्षं होतीस. आपण दोघींनी तो विषय कधी काढला नाही. आता तुला जाऊनही बराच काळ लोटला, आणि हे पत्र लिहून मी कुठं पाठवणार? कबनूरमध्ये मी अजून सगळ्यांना हेच सांगते की माझ्या वातींनी आईला दवाखान्यात नेलं. खरं काय ते सांगायला दोन-तीनदा तोंड उघडलं होतं, पण मला रडू आवरत नाही, म्हणून तेच सांगत राहते.