गंज आणि गजाननदादा

शेलूबाजार, मंगळवार संध्याकाळ

गजाननदादा मूर्ख आहे. काल त्याला वाचलेलं सांगितलं: तांब्याच्या काही खास ऑक्साइडांत, प्रचंड थंडीत, एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉनच जोड्या जमवतात, मग वीज विरोधाशिवाय वाहते. बहुधा त्या ढकलाढकलीतूनच. शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आज काकांच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात त्याने गिऱ्हाइकाच्या मोटरीची तांब्याची तार गंजासकट जोडली. जोड जळाला.

"जंग काहून नाही घासला बे?" काका ओरडले.

"यानंच सांगतलं ना, जंगातून लाइन फुकट पळते!" दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

थंडी? ती या दीडशहाण्याने ऐकलीच नाही. आपल्या उन्हात कुठली थंडी! आणि साधा गंज म्हणजे ते ऑक्साइड?

काका मलाच म्हणाले, "बारावीचा नाद सोड. तुह्या वाचण्यानं दुकान जळन."

सोडू? या दोघांसाठी? परीक्षेला बसणारच. जोड त्याने जाळला, मी नाही.