पिस्तुलासाठी स्थळं बघताना

नाना, काल शेजारच्या सुनेबरोबर मिक्सर घ्यायला गेले होते. मिक्सर म्हणजे विजेवर चालणारा पाटा-वरवंटा, तुमच्या वेळी नव्हता. दुकानदाराने तीन कंपन्यांचे तीन मांडले आणि ती बिचारी या भांड्यावरून त्या भांड्यावर हात फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगा ना." मला त्यातलं काही कळत नाही. पण तीन कंपन्यांचा एकच जिन्नस समोर मांडलेला पाहिला की मला तुमची आठवण येते आणि हसू लोटतं. भर दुकानात एकटीच हसणारी म्हातारी बरी दिसत नाही, म्हणून पदर तोंडाला लावला. तिला वाटलं मला मसाल्याचा ठसका लागला. पाणी मागवलंन.

त्या दिवसांतली डोंबिवली म्हणजे स्टेशन, चार-दोन आळ्या, विहिरी, आणि बाकी सगळी भातखाचरं. आपलं घर खाचरांच्या पलीकडे. मी कल्याणच्या सासरहून रिकामं कपाळ घेऊन परत आले होते. शाळा चौथीपर्यंत झालेली. घरात आईच्या हाताखाली काम ते किती असणार, म्हणून वाचायला लागले. आधी वाण्याच्या पुड्यांचे कागद, मग पंचांगातल्या जाहिराती, मग तुम्ही ठाण्याच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणायला लागलात. दर खेपेला पिशवी भरून नेता आणि पिशवी भरून आणता हे बघून तिथल्या चिटणिसांनी एकदा तुम्हाला अडवलं आणि विचारलं, "घरी एवढं वाचतं कोण?" तुम्ही म्हणालात, "मुलगी." ते म्हणाले, "मग तिलाच पाठवा. दुपारपासून दिवेलागणीनंतरपर्यंत पुस्तकं देण्याघेण्याला माणूस हवंय. दिवाळी झाली की जागा भरायची." तुम्ही घरी येऊन हे एका दमात सांगितलंत आणि त्याच दमात म्हणालात, "पण रात्री खाचरांतून परत यायचं कसं?" मी चुलीपाशी होते. मला ती नोकरी हवी होती, नाना. इतकी हवी होती की मी भाकरी उलटायची विसरले.

मग पिस्तूल निघालं. युद्धाच्या दिवसांत तुम्ही कल्याणच्या लष्करी छावणीत भांडाराचे कारकून होता. तिथे कुणा गोऱ्या कप्तानाच्या कमरेला तुम्ही ते पाहिलं होतं. जुन्या घडणीचं, वजनदार, गोळ्यांची डबी मुठीत बसणारी. एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण वर येते, चाप तेवढा दर वेळी ओढायचा. तुम्ही जाहीर केलंत की तसं पिस्तूल घरात आलं की मुलगी खुशाल नोकरीला जाईल, त्याआधी नाही.

आई म्हणाली, "पिस्तूल घरात आणि मुलगी वाटेवर. मग चोर आधी घरी येऊन पिस्तूल बघून जाणार का?"

"तसं नव्हे गं. घरात पिस्तूल आहे हे गावाला कळलं की वाटेवर कुणी वाकडं बघत नाही."

"मग दवंडी द्या. स्वस्त पडेल."

तुम्ही दवंडी दिली नाहीत, ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत अर्ज दिलात. छावणीतली नोकरी कामी आली आणि परवाना मिळाला. मला वाटलं, झालं. पण खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, कारण मुंबईच्या दुकानात त्याच घडणीचं पिस्तूल तीन कंपन्यांचं होतं.

इथे तुमची जुनी ख्याती आड आली. आपल्या नात्यागोत्यात कुणाच्या मुलीचं लग्न निघालं की स्थळाची चौकशी तुमच्याकडे यायची. तुमची रीत ठरलेली. मुलाच्या घरी जायचं, पाणी मागायचं, पाणी कोण आणतं आणि तांब्या कसा घासलेला आहे ते बघायचं. मग शेजाऱ्याला विचारायचं नाही, कारण शेजारी एक तर मित्र असतो नाही तर वैरी. दोन घरं सोडून तिसऱ्याला विचारायचं. याच रीतीने तुम्ही माझंही स्थळ पाहिलंत, एक अख्खा हिवाळा घालवून. दोन वर्षांत विषमज्वराने ते गेले. त्यानंतर लोक चौकशीसाठी यायचे आणि तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवायचात. चौकशीला जाताना घालायची ती काळी टोपी तुम्ही पुन्हा खुंटीवरून काढलीत ती एकदम पिस्तुलांसाठी.

दुकानाकडून माहितीची इंग्रजी पुस्तिका आली. तुमचे डोळे अधू झाले होते, म्हणून तुमचा फाटका शब्दकोश मांडीवर घेऊन मी वाचायला बसले. इंग्रजी अक्षरओळख तुमच्याकडूनच झालेली होती. दुसऱ्या मुली इंग्रजीच्या पहिल्या धड्यात मांजर आणि उंदीर शिकतात. मी खटका, नळी आणि कमान शिकले. पहिलं स्थळ अमेरिकेचं, ज्या कंपनीने ही घडण पहिल्यांदा बाजारात आणली तिचं. पिस्तूल वापरलेलं, पण घराणं जुनं. दुसरंही अमेरिकेचं, पण ती कंपनी मूळची टंकयंत्रं करणारी. युद्धात सरकारने हुकूम केला म्हणून तिने पिस्तुलं केली. तिसरं स्पेनचं. कोरं करकरीत, लांबून अगदी पहिल्याचा भाऊ शोभेल असं, पण मुठीच्या मागची पट्टी त्याला नव्हती. ती पट्टी तळव्याने दाबून धरल्याशिवाय मूळ पिस्तूल उडत नाही.

"टंकयंत्रवाले!" तुम्ही म्हणालात. "म्हणजे उद्या कासाराने सतार करायची."

आई तांदूळ निवडत होती. "शिवणयंत्रवाल्यांनी नाही केलं का? तेच घ्या. तेलाची बाटली घरात आहे."

मी पुस्तिका चाळली, तर खरोखरच एका शिवणयंत्रवाल्यांनीही थोडी केली होती. मी ते मोठ्याने वाचलं. तुमचा तो सगळा आठवडा त्या चौथ्या स्थळाच्या विचारात गेला, ते दुकानात नसतानासुद्धा.

मग मला एक चांगलं वाक्य सापडलं. युद्धाच्या काळात अमेरिकेत ज्या ज्या कंपन्यांनी हे पिस्तूल केलं, त्या सगळ्यांचे भाग एकमेकांच्या पिस्तुलात बसतात, असं छापलं होतं. मी हरखून म्हणाले, "नाना, म्हणजे पहिल्या दोघांतलं कुठलंही घ्या, सारखंच." तुम्ही बराच वेळ छताकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "सारखंच असेल तर मग निवडायचं कशावरून?"

ठाण्याला तलावाजवळ एक निवृत्त फौजदार राहत, त्यांच्याकडे पहिल्या घराण्याचं पिस्तूल आहे असं कळलं. तुम्ही मलाही बरोबर नेलंत, इंग्रजी वाचायची वेळ आली तर असावी म्हणून. आपण ओटीवर बसलोय. तुम्ही आधी पाणी मागता. तांब्या निरखून बघता. मग उपरणं सावरून विचारता, "तुमच्याकडे येऊन किती वर्षं झाली?"

"कोणाला?"

"पिस्तुलाला."

"असतील की दहाएक."

"स्वभाव कसा आहे? म्हणजे... तापट? न सांगता सुटतं वगैरे?"

फौजदार मिशीत हसले. "न सांगता? अहो नाना, सांगूनसुद्धा सुटत नाही. गंजलंय."

आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "दसऱ्याला झेंडू वाहायला मात्र छान आहे हो."

तिथून निघाल्यावर तुम्ही दोन घरं सोडलीत आणि तिसऱ्याचं दार वाजवलंत. "फौजदारांचं पिस्तूल कसं आहे?" तो गृहस्थ पांढराफटक पडला. "त्यांच्याकडे पिस्तूल आहे?" म्हणाला. पुढे फौजदारांनीच सांगितलं, त्याने वर्षभर दाबून ठेवलेली त्यांची शिडी त्याच संध्याकाळी पोचती केली.

इकडे सगळ्या डोंबिवलीला बातमी लागलेली. दूधवाला भांड्यात दूध ओतता ओतता विचारायचा, "नाना, आलं का?" विहिरीवर बायका मला वाट द्यायला लागल्या. आई म्हणाली, "आता आणायची गरजच उरली नाही. धाक बसला. पोरीला जाऊ द्या." तुम्ही म्हणालात, "नसलेल्या पिस्तुलाचा धाक किती दिवस पुरणार?" दिवाळी आली आणि गेली. चिटणिसांचा निरोप आला की आणखी आठवडाभर थांबतो, मग दुसरं माणूस बघतो. मी ती निरोपाची चिठ्ठी तुमच्या ताटाशेजारी ठेवली. तुम्ही जेवण अर्धं टाकून उठलात आणि म्हणालात, "उद्या मुंबईला जाऊ."

दुकान एका म्हाताऱ्या पारशाचं होतं. त्याने हिरव्या कापडावर तिन्ही पिस्तुलं ओळीने ठेवली. तुम्ही एकेक उचलून तोलता, डोळ्यांजवळ नेता, परत ठेवता. नळीतून बघता. पहिल्याचं मूळ गाव विचारता. दुसऱ्याच्या कंपनीची टंकयंत्रं अडकतात का ते विचारता. तिसऱ्याच्या मुठीमागे पट्टी का नाही, हे दोनदा विचारता, जसं काही मुलाचं शिक्षण मधेच का सुटलं. गिऱ्हाइकं आली नि गेली. शेवटी पारशी चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "अरे काका, तमे पिस्तोल घ्यायला आले के जमाई बघायला?"

दुकानातला नोकर हसला. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. हातातलं पिस्तूल अलगद कापडावर ठेवलंत आणि म्हणालात, "तिन्ही चांगली आहेत," आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलात.

मी मागोमाग आले. समोरून ट्राम गेली. मग रस्त्याकडे बघतच म्हणालात, "मागच्या वेळीही चांगलं बघूनच दिलं होतं गं."

तेवढंच. मी बावीस-तेवीस वर्षांची होते, पण तेवढ्यात मला सगळं कळलं. छताकडे बघणं, शिवणयंत्रवाल्यांवर घालवलेला आठवडा, दोनदा विचारलेले प्रश्न, सगळं. तुम्हाला पिस्तूल निवडता येत नव्हतं असं नाही. निवडायचा तुमचा हातच गेला होता. मी आत गेले आणि पारशाला म्हणाले, "ते मधलं द्या."

"टंकयंत्रवाल्यांचं?" तुम्ही दारातून ओरडलात. तेवढं मात्र ऐकू आलं तुम्हाला.

"हो. मागे पट्टी आहे, मोडलं तर पहिल्याचे भाग लागतात, आणि जी माणसं दर वेळी तेच अक्षर त्याच जागी उमटवतात त्यांना एक खटका बसवता येत असेल. मी निवडलंय नाना. वाईट निघालं तर माझ्या माथी."

पारशी म्हणाला, "डिकरी शाणी छे." तुम्ही कागदांवर सही केलीत. परतीच्या वाटेवर ठाण्याला उतरून तुम्ही स्वतःच चिटणिसांना सांगून आलात की मुलगी सोमवारपासून येईल.

पिस्तूल चांगलं निघालं की वाईट हे कुणालाच कळलं नाही, कारण ते कधी उडालंच नाही. आईने ते पैठणीच्या घडीत घालून ट्रंकेत ठेवलं, दसऱ्याला बाहेर काढायची आणि बोटाने लांबूनच हळदकुंकू वाहायची. रात्री मी गाडीतून उतरले की तुम्ही स्टेशनाबाहेर उभे असायचात, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात काठी. मी पहिल्याच रात्री विचारलं, "आणि पिस्तूल?" तुम्ही म्हणालात, "ते कशाला आणायचं बाहेर? चिखलात पडलं तर?" तुम्ही गेल्यावर मी ते ठाण्याला पोलिसांत जमा करून आले. हवालदाराने विचारलं, "चालतं का?" मी म्हटलं, "देव जाणे. मी मात्र त्याच्यामुळे नोकरीला लागले." त्याने माझ्याकडे बघितलं आणि पावती फाडली.

पत्र लिहून झालं की त्यावर पत्ता घालायची इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे मघाशी लेखणी थोडा वेळ हवेतच राहिली. हे असंच घडी करून ठेवते. पण जे लिहायला बसले ते अजून लिहिलं नाही.

स्टेशनापासून घरापर्यंत आपण किती वर्षं चाललो, नाना. आज कोणी काय वाचायला नेलं, कोणी पान फाडून आणलं, सगळं तुम्ही विचारायचात. कल्याणचं नाव कधी काढलं नाहीत. मीही नाही. म्हणून आता सांगते. आमटीत माझ्या हातून मीठ जास्त पडलं की सासूबाई बोलायच्या आत ते म्हणायचे, "मला अशीच आवडते," आणि पुन्हा वाढून घ्यायचे. मग रात्रभर उठून पाणी प्यायचे. वर्तमानपत्र मला वाचायला लावायचे आणि अडले तर वाट बघायचे, सांगायचे नाहीत. ते स्थळ चांगलं होतं. तुमची चौकशी बरोबर होती. ज्वर कुठल्या तांब्यात दिसतो? मी तिथे सुखात होते. हे त्या वाटेवर कितीदा ओठांवर आलं, पण सांगताना मला रडू आलं असतं, आणि कंदील तुमच्या हातात होता.