इराचा खोकला

१४ ऑगस्ट, गुरुवार
तळवड्यात फोटोशूट. नऊ दिवसांची मुलगी. गावठाणातलं घर, खाली गाळे भाड्याने दिलेले, वर बंगला. बाळाची आई प्रणाली. तिला स्वतःची आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. बाळ झाल्यापासून तिच्या सासूबाईंना सगळं घर आजी म्हणायला लागलंय, मीही तेच म्हटलं.

बाळाला निजवायची टोपली, भोपळा, विमान, काहीही बॅगेतून काढलं नाही. वीट आलाय त्या फॅडचा. खिडकीजवळ गादी, अर्धा पडदा, बाळ आईच्या कुशीत. बस. बाळाला गुंडाळायला घेतलं तर आजी मध्ये उभ्या.
"तुला किती पोरं?"
हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: हसायचं आणि लाइटकडे बघायचं. आज तोंडातून निघालं, "एक. मुलगी. चार वर्षांची."
"मंग हरकत न्हाई. लेकुरवाळीच्या हातात पोर बिनघोर ऱ्हातं." झाल्या बाजूला.
मग माझ्या मुलीचं नाव विचारलं. मी म्हटलं, इरा.

येताना भुमकर चौकात नेहमीचंच ट्रॅफिक, पण कधी नव्हे ते मी हॉर्न वाजवत बसले नाही. इरा हे नाव मी आणि विनूने लग्न झालं त्याच वर्षी ठरवून ठेवलं होतं. ट्रीटमेंट बंद केल्यापासून घरात कुणी उच्चारलेलं नाही. विनूला सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
त्याच घरी बारसं. शर्वी नाव ठेवलं. पाळण्याची दोरी धरायला आजी बायका गोळा करत होत्या. "ए फोटूवाली, तू बी ये. लेकुरवाळी हायस ना?" गेले. कॅमेरा गळ्यात तसाच.
इतकी बारशी केली, मी कायम स्टुलावर. पाळण्याजवळ उभं राहिल्यावर दिसतं ते वेगळंच असतं, बायका फार जवळून हसतात.
कानात नाव सांगतानाचा फोटो निसटला. मला वाईट वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
विनूची सुट्टी. परत दत्तकाचा विषय. "नोंदणी तरी करून ठेवू गं. नंबर लागायला वर्षं जायलीत लोकांची." बोलता बोलता त्याची जालन्याची भाषा बाहेर आली की समजायचं, मनापासून बोलतोय. मी म्हटलं बघू. तो म्हणाला, "बघू म्हणजे काय ते तरी सांग." भांडण नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. गॅलरीतले कपडे घडी करत बसला, माझेसुद्धा.

मला भीती कसली वाटते? दुसऱ्यांची बाळं मी तासाभरात आपलीशी करते. रडणारं बाळ आईकडे थांबत नाही ते माझ्याकडे थांबतं, त्याचा केवढा माज आहे मला. मग परत देते. परत द्यायचंच नसेल तर? एखाद्या दिवशी ते नकोसं झालं तर कुणाला देणार? हे विनूला कसं सांगायचं?

५ ऑक्टोबर, रविवार
शर्वी दोन महिन्यांची. तळवडे. आता प्रत्येक महिन्याला यायचं ठरलंय. ती माझा आवाज ओळखते (हे मला वाटतं. प्र. म्हणते पंख्याकडे बघून पण तशीच हसते.)

आजींना इराबद्दल सगळं हवं असतं. दूध पिते का? नाही, तोंड फिरवते. हट्टी आहे का? फार. भिंतीवर रेघोट्या मारते. मी सांगत सुटले. हॉलची भिंत, खालचा भाग, जांभळा खडू. घरी आल्यावर भिंत स्वच्छ बघून राग आला. कुणाचा ते कळेना.

तिथे असतानाच आजी म्हणाल्या होत्या, "दाव की फोटू पोरीचा."
गेलेच असं वाटलं. मोबाइलमध्ये शेकडो मुलं, त्यातलं एकही माझं नाही.
"फोटूवालीकडं आपल्याच लेकीचा फोटू न्हाई?"
म्हटलं, आमच्या सासूबाई काढू देत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात.
आजी गंभीर झाल्या. "बराबर हाय त्यांचं."
सुटले. जिना उतरताना हसू येत होतं. माझ्या सासूबाई जालन्यात बसून दिवसाला चार सेल्फी पाठवतात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
दिवाळीआधी आजींनी खणाचं परकर-पोलकं पाठवलं इराला. शर्वीच्याच कापडातलं, मोठ्या मापाचं. प्र.चा नवरा निलेश बाइकवरून खाली गेटवर देऊन गेला. नशीब विनू भाजीला गेला होता. कपाटात शूटच्या पडद्यांमागे ठेवलं. मग काढलं. परत ठेवलं.
आजींना फोन करून सांगितलं, अगदी मापाचं झालं. किती खूश झाल्या. माझ्यासारखी नीच बाई नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
शर्वीच्या तिसऱ्या महिन्याचं शूट रद्द. प्र.चा मेसेज: "ताई सॉरी. आजी म्हणतात फोटो बंद. दृष्ट लागते. तुमच्या सासूबाईंचं उदाहरण देतात. मी काय बोलू?"
काय बोलणार. माझंच मला भोवलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
निगडीत प्राधिकरणात शूट. बाबा कंपनीच्या टी-शर्टमध्ये, बाळाला हेल्मेटमध्ये ठेवून फोटो हवा. "फक्त एक, मॅडम." काढला. चांगला आला तो, याचाच जास्त वैताग.
घरी यायचा रस्ता सरळ, तरी गाडी तळवड्याकडे वळवली. आयटी पार्क सुटायची वेळ, फोटोंच्या आधी मी तिथे सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते तेव्हाही असंच तुंबायचं. आजींच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. गच्चीत लंगोट वाळत होते. आत जायला काही कारण नव्हतं.
दुसऱ्याच्या बाळासाठी असं तडफडायचं म्हणजे काय. विनूला काय सांगायचं, कुठे होतीस विचारलं तर? विचारलं. ट्रॅफिक म्हटलं. ते खरंच होतं.

४ जानेवारी, रविवार
न राहवून गेलेच. शर्वीसाठी खुळखुळा नेला. केवढी झालीये! मुठीत माझी ओढणी धरून थेट तोंडात. तीन महिने मी हिचे बघितलेच नाहीत, फोटोही नाहीत कुणाकडे. प्र. बिचारी चोरून मोबाइलवर काढते.

आजींना म्हटलं, मी आता सासूबाईंना समजावलंय. काजळाचा ठिपका लावायचा आणि काढायचे फोटो. वय परत येत नाही.
आजींनी विचार केला. "व्हय, ते बी खरंच." शर्वीच्या गालाला तीट लावून आणली. मी वेड्यासारखे काढत सुटले.
मग निघताना, "आता इराचा दाव."
"आणते पुढच्या वेळी."
"फोटू कशाला? बोरन्हाणाला पोरीलाच आन. माज्या नातीच्या शेजारी बसवू तिला. तिलाबी हलव्याचं दागिनं करते."
प्र. म्हणाली, "हो ताई, आणाच." दोघी माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं आणते.

१५ जानेवारी, गुरुवार
झोप नाही, कामात लक्ष नाही. पुनावळ्यातल्या एका जुळ्यांच्या फोटोत दोघांना एकच नाव लिहून पाठवलं. सांगून टाकावं आजींना? मग मला पाळण्याला हात लावू दिला ते? बारशाच्या दिवशीचं सगळं? शर्वीला परत जवळ देतील? नाही देणार. मीच त्यांच्या जागी असते तर दिली नसती.
विनू विचारतोय, काय झालंय तुला. काही नाही. "काही नाही" हे मी सध्या चहासारखं दिवसातून चार वेळा देते त्याला.

१८ जानेवारी, रविवार
बोरन्हाण झालं. एकटीच गेले. दारातच, "इरा कुठंय?"
"खोकला झालाय, आजी. ताप पण आहे थोडा."
आजींचा चेहरा उतरला. शर्वीच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला होता. तो त्यांनी स्वतः उचलून भिंतीला लावला.
शर्वी काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट, हलव्याचे वाळे. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले तशी आधी दचकली, ओठ काढला, आणि एकदम खुदकन हसली. गल्लीतली पोरं तुटून पडली वेचायला. तो फोटो मिळाला. वर्षभरातला सगळ्यात चांगला.
निघताना आजींनी इराचा वाटा दिला. "बोरं न्हाई घातली, खोकल्याला वाईट. रेवड्याच हायत." दागिनेही दिले, छोटे, तिच्यासाठी केलेले.

गाडीत बसून रडले. एवढं सगळं खोटं बोलले, पण आजारपण तिच्या नावावर घालायला नको होतं. खरं सांगते, मला तिची काळजी वाटायला लागली आहे. जी नाही तिची.

२० जानेवारी, मंगळवार
विनू सेकंड शिफ्टला, त्यामुळे दुपारपर्यंत घरी. मी अंघोळीला. बाहेर माझा फोन वाजला. विनूने उचलला. नळ बंद केला तर त्याचा आवाज:
"हो, मी मिस्टर बोलतोय तिचे... कोण? इरा?"
मी साबणासकट उभी.
मग विनू म्हणाला, "बरा आहे आता खोकला, आजी. रात्रभर झोपली नाही, आत्ता झोपलीये."
आणि मग, "या की. गुरुवारी या. मला सुट्टी असते."

बाहेर आले तेव्हा युनिफॉर्मला इस्त्री करत होता. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. तो शर्टाची एकच बाही परत परत दाबत होता.
"मला कंपनीत कुणी विचारतच नाही आता," म्हणाला. "विचारलं असतं तर मी पण हेच नाव सांगितलं असतं."
मी ओरडले त्याच्यावर. गुरुवारी कशाला बोलावलंस? काय दाखवणार आहेस त्यांना?
"मग किती दिवस आजारी ठेवणार आहेस तिला?"
डबा न घेताच कंपनीच्या बससाठी निघून गेला.

२२ जानेवारी, गुरुवार
आजी आल्या. निलेश गेटवर सोडून गेला, विनू खाली जाऊन घेऊन आला. हातात आलेपाकाच्या वड्यांचा डबा. चप्पल काढताना इकडेतिकडे बघत होत्या, मग हळू आवाजात, "निजली का?"
"आजी, इरा नाही."
त्यांनी भलताच अर्थ घेतला. डबा तिथेच खाली ठेवला, माझे दोन्ही हात धरले. "आगं बाय माजे... कवा?"
विनू बोलला. "आजी, तसं नाही. आम्हाला मूलच नाही. कधीच झालं नाही."

बसल्या. पाणी दिलं, घेतलं नाही. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. लेकुरवाळी नाही, पाळण्याला हात लावला, माफ करा, असलंच. त्या हॉलच्या भिंतीकडे बघत होत्या, खाली, रेघोट्यांच्या जागी.
"पोर न्हाई तर न्हाई," शेवटी म्हणाल्या. "पर मंग तिला खोकला कशाला लावलास? मी रोज नाव घिऊन मीठमोहऱ्या उतरतीया तिच्यावरनं."
आवाज चढलेला नव्हता. चढवायला हवा होता त्यांनी.
लिफ्टपर्यंत गेले मागे. माझ्याशी बोलल्या नाहीत. विनूला "येते" म्हणाल्या. येते काय, सगळेच म्हणतात.

२४ जानेवारी, शनिवार
तळवड्याहून काही नाही. प्र.च्या स्टेटसला शर्वी, पालथी पडलेली, मोबाइलवर काढलेली, मागून उजेड, चेहरा काळा. पुढच्या महिन्यात उष्टावण. मी तारीख विचारलेली नाही, विचारणारही नाही. बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर...

विनू फर्स्ट शिफ्टला. डबा भरताना मीच म्हटलं, येत्या गुरुवारी दत्तकाची नोंदणी करून टाकू. भीती वाटते तेही सांगितलं, सगळं, परत कुणाला देणार तेसुद्धा. तो म्हणाला, त्यालाही वाटते. हे त्याने आधी का नाही सांगितलं? मी विचारलं नव्हतं म्हणून.
मोठी मुलगी असली तरी चालेल, म्हटलं. चार वर्षांची वगैरे.
"चालेल की."
"मग इरा नाव ठेवता येईल? की तिचं तिला एक असेलच?"
"असेलच," विनू बूट घालत म्हणाला. "तिला विचारू." आणि बस निघून जाईल म्हणून जिन्यानेच पळाला.