तिकडच्या डिस्क इकडे लागल्या

९ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. पत्र टपालाने घरी न पाठवता तू कामाला जातेस त्या वाचनालयाच्या फॅक्सवर पाठवतेय. दचकू नकोस.

तू परदेशातून पाठवलेल्या, तुमच्या घरच्या चित्रीकरणाच्या डिस्क वर्षभर कपाटात पडून होत्या. आमच्या जुन्या प्लेअरवर लावल्या की नुसता काळोख. शेवटी ह्यांनी सगळ्या देशांच्या डिस्क चालवणारा प्लेअर आणला. रविवारी जेवणं उरकून सगळे ऐसपैस बसलो. तुझी चिमणी सायकलवरून धपकन पडली तेव्हा हे म्हणाले, "अगदी मावशीवर गेलीये पोरगी!" हसून हसून पुरेवाट झाली.

दुसऱ्या डिस्कला हसणं कमी झालं. तिसरीला आई म्हणाली, "आवाज वाढव गं." आवाज पूर्ण होता, ताई. तूच बोलत नव्हतीस.

चिमणीचा वाढदिवस. पाहुणे उन्हाने घामाघूम, आणि तुझ्या अंगात मनगटापर्यंत स्वेटर. कॅमेरा भाऊजींकडे. "हस की," ते म्हणतात. तुझ्याआधी चिमणीच हसते. पाहुणे गेल्यावर तिच्या हातून पेला फुटतो. भाऊजी ओरडत नाहीत. कॅमेरा चालूच ठेवून टेबलावर ठेवतात. आणि चिमणी, रोजचंच असल्यासारखी, गुपचूप टेबलाखाली शिरते. तू तिच्यापुढे उभी राहतेस.

पुढचं मी लिहीत नाही. तुला ठाऊक आहे.

ह्यांनी पोरांना बाहेर पिटाळलं. आई एवढंच म्हणाली, "तिने मुद्दाम पाठवल्यात."

काल भाऊजींचा फोन आला. हवापाण्याचं बोलले, मग सहज विचारल्यासारखं, "त्या डिस्क तुमच्याकडे लागत नसतील, नाही का?"

"नाही हो. नुसता काळोख दिसतो," मी म्हटलं.

नेमकी तेव्हा आई आतल्या खोलीत डिस्क पुन्हा लावून बसली होती, आवाज पूर्ण वाढवून. फोनमध्ये त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला: "हस की."

मग त्यांनी हळूच फोन ठेवला. तेव्हापासून तुमच्या घरचा फोन कुणी उचलत नाही.

आज सकाळी वाचनालयात फोन केला, तुमच्याकडे दुपार झाली होती. तुझ्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ती आज आली नाही. न कळवता कधी राहत नाही हो ती." मी त्यांना सगळं सांगून टाकलं. तुला न विचारता सांगितलं, रागव हवं तर. त्या पोलिसांना घेऊन तुझ्याकडे निघतायत, हा कागद हातात घेऊन. चिमणीला उचल आणि त्यांच्याबरोबर तशीच बाहेर पड. चपलासुद्धा शोधत बसू नकोस. मी दुपारच्या विमानाने निघतेय.

हे पत्र तुझ्याच हातात पडो, दुसऱ्या कुणाच्या नको.

तुझी,
धाकटी