एकशे सहासष्ट सेंटिमीटर

२ मे, शनिवार

टेगनचा कॅनडाचा व्हिसा आला. जेवताना सांगितलं तिने, बटाट्याची वाटी पुढे सरकवता सरकवता. ऑक्टोबरमध्ये निघणार, दोन वर्षांसाठी. तिकडे कुठल्याशा स्कीच्या गावात हॉटेलात काम करणार आणि उरलेल्या वेळात स्नोबोर्डिंग. खरं म्हणजे उलटं.

पोरगी अठराची झाली. नवव्या वर्षापासून बोर्डवर आहे आणि मी एकदाही तिच्याबरोबर माथ्यावर गेलेलो नाही. दर हिवाळ्यात शनिवार-रविवार तिला आमच्या स्की क्लबच्या डोंगरावर घेऊन जातो, लॉजच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलतो आणि ती वरून खाली आली की टाळ्या वाजवतो.

संकल्प: सप्टेंबरात हा सीझन संपायच्या आत टेगनबरोबर क्लबच्या ओढत्या दोराने माथ्यावर जायचं आणि तिच्याबरोबर बोर्डवरून खाली यायचं. निदान एकदा.

रॉझला सांगितलं. बायको म्हणून तिने आनंद दाखवायला हरकत नव्हती. ती म्हणाली, तुझा गुडघा. म्हटलं, गुडघ्याचा इथे काही संबंध नाही.

९ मे

बोर्ड निवडणं हे गंभीर काम आहे. लोक दुकानात जाऊन चित्र बघून घेतात आणि मग रडतात. मी अठरा वर्षं क्राइस्टचर्चच्या रस्त्यांवर नारिंगी शंकू कुठे ठेवायचे ते ठरवतोय. निवड कशी करावी हे मला कोणी शिकवू नये.

एक्सेल शीट तयार. चव्वेचाळीस बोर्ड. लांबी, रुंदी, कडकपणा एक ते दहा, मधला भाग वर उचललेला की खाली दबलेला. रंगाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.

टेगन मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, क्लबच्या शेडमध्ये एक जुना बोर्ड पडलाय बाबा, तो घे की. हसून सोडून दिलं. तरुणांना अभ्यासाचा कंटाळा असतो.

१६ मे, दुपारी ३

दुकानात गेलो. विरेमू नावाचा मनुष्य होता, दाढीवाला. त्याने आधी विचारलं, किती वेळा चालवलाय? म्हटलं, पंचवीस हिवाळे बर्फात काढलेत. हे खरं आहे.

मग बोलता बोलता त्याने मागून मला अचानक ढकललं. तक्रार करणार होतो, पण ती परीक्षा होती म्हणे. तोल सावरायला जो पाय पुढे जातो तोच बोर्डवर पुढे ठेवायचा. माझा उजवा गेला. अशी माणसं कमी असतात असं विरेमू म्हणाला. मला हे आतून माहीत होतंच.

त्याने एकशे छप्पन लांबीचा, मऊ बोर्ड दाखवला. नवशिक्यांना क्षमा करतो म्हणाला. माझ्या वयाच्या माणसाला मऊ बोर्ड दाखवणं हा उघड अपमान आहे. मी शीट काढली. पहिला क्रमांक: लांबी एकशे सहासष्ट, कडकपणा नऊ, खोल भुसभुशीत बर्फासाठी खास. विरेमू म्हणाला, "ह्याला वळवायला पायात जोर लागतो हां." म्हटलं, आहे. त्याने बिल केलं.

३० मे

बोर्ड बैठकीच्या खोलीत आहे. रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की त्यावर उभा राहतो. अर्धा अर्धा तास. एकदाही पडलेलो नाही.

आज तळाला मेण लावलं. मेण इस्त्रीने पसरवतात. वेगळी इस्त्री घ्यायची असते हे सगळीकडे शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं. रॉझच्या नर्सच्या गणवेशावर गुलाबी पट्टा उमटला. रॉझ इस्त्री माझ्या बाजूच्या कपाटात ठेवून गेली.

१३ जून

आता दोर. आमच्या क्लबच्या डोंगरावर बसून जायच्या खुर्च्याबिर्च्या नाहीत. एक जाड दोर मोटरवर सतत वर पळत असतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला लोंबकळणारा लोखंडी अडकित्ता. पळता दोर आधी हाताने धरायचा, त्याच्या वेगाला यायचं, मग अडकित्ता त्यावर दाबायचा, की गेलात वर. इथली मुलं आठव्या वर्षी हे करतात. मुलांची उंची कमी असल्यामुळे त्यांना ते सोपं जातं.

घरी सराव केला. गाडीच्या मागे दोर बांधला, बोर्ड ओल्या हिरवळीवर, रॉझ स्टिअरिंगवर. तिला ताशी पाच किलोमीटर असं स्पष्ट सांगितलं होतं. तिने पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला तो नेहमीसारखाच. हायड्रेंजियाचं झुडूप गेलं.

तंत्र माझं बरोबर होतं. रॉझचं गाडी चालवणं सुधारायला हवं.

११ जुलै, डोंगरावर

पहिला दिवस. गुरुवारी वायव्येचा गरम वारा सुटला, पाऊस झाला आणि मग सगळं गोठलं. उतार काचेसारखा. माझा बोर्ड खोल बर्फाचा आहे, त्यामुळे आजचा दिवस धरता येणार नाही.

तरीही दोरावर पाच प्रयत्न केले. चार वेळा हातमोजा वर गेला, मी खाली राहिलो. पाचव्या वेळी मी गेलो, बोर्ड राहिला.

टेगन सगळा वेळ बाजूला उभी होती. दोनदा म्हटलं, तू जा वर. ती म्हणाली, थांबते. दुपारच्या जेवणापर्यंत थांबली. नंतर मीच गुडघ्याचं कारण सांगून लॉजवर आलो, म्हणजे तिला तरी जाता येईल.

१२ जुलै

कारण सापडलं. दोर चुकीच्या बाजूला आहे. ज्यांचा उजवा पाय पुढे, त्यांची पाठ दोराकडे येते. हा सरळ सरळ अन्याय आहे आणि चाळीस वर्षांत कोणाच्याही लक्षात आलेला नाही.

क्लबच्या कमिटीला चार पानी निवेदन लिहिलं, आकृतीसह. दोर दुसऱ्या बाजूला हलवेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून अकरा शंकू सुचवले. जेवणाच्या टेबलावर जॉईसच्या हातात दिलं. जॉईस एकाहत्तर वर्षांची, दोराची सगळी जबाबदारी तिच्याकडे. तिने पहिलं पान वाचलं, बाकीची भोपळ्याच्या सूपाच्या गरम पातेल्याखाली ठेवली आणि म्हणाली, "मरे, तुझ्या टेगनचाही उजवाच पाय पुढे असतो."

मला माहीत नव्हतं. नऊ हिवाळे टाळ्या वाजवल्या. टेगन ताटात बघत होती.

एखादा अपवाद असतोच. निवेदन मागे घेतलेलं नाही.

२५ जुलै

गेलो. चाळीस मीटर तरी गेलो. अडकित्ता बसला, दोर ओढू लागला, वारा कानाला लागला आणि वरून टेगन मोठ्याने म्हणाली, गुडघे वाकव बाबा. मी ती काय म्हणते ते बघायला मान वळवली.

खाली येताना माझ्या मागचे सहा जण माझ्याबरोबर आले. सर्वांत शेवटी जॉईस. ती बर्फात बसून राहिली, टोपी शोधून डोक्यावर ठेवली आणि सांगितलं की चाळीस वर्षांत तिला ह्या डोंगराने एकदाही पाडलेलं नाही, ते मी करून दाखवलं. इतरांनी हसण्याइतकं त्यात काही नव्हतं.

मनगट सुजलंय. टेगनने बर्फाची पिशवी बांधून दिली आणि दुपारभर जवळ बसली. तिच्या मैत्रिणी खिडकीतून हाका मारत होत्या. तिला जायचं असावं. मी चाळीस मीटरचा वृत्तांत नीट दोनदा सांगितला.

८ ऑगस्ट

मनगट बरं, पण आता केआ. त्या हिरव्या पोपटांना रबर आवडतं हे सगळ्यांना माहीत आहे. बोर्ड लॉजच्या बाहेर दहा मिनिटं टेकवून ठेवला, तोवर तिघांनी मिळून बुटाचा मागचा पट्टा कुरतडून टाकला. शेजारी तेवीस बोर्ड होते. एकालाही हात लावला नाही, म्हणजे चोच.

टेगन म्हणाली, शेडमधला जुना घे आजच्यापुरता. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच बोर्डवर वर गेलो तर ह्या बोर्डचं काय?

सगळा शनिवार-रविवार बटाटे. सगळ्यांनी कौतुक केलं. उकडलेले बटाटे माझ्यासारखे कोणी करत नाही, हे मान्यच करायला हवं.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ

अर्धा मीटर ताजा बर्फ. माझ्या बोर्डचा दिवस उजाडला. दोराकडे जाण्याआधी सपाटीवर थोडा सराव करावा म्हणून उतरलो आणि मांड्यांपर्यंत रुतलो. एकशे सहासष्ट सेंटिमीटर एकदा बर्फाखाली गेले की वर काढणं सोपं नसतं. अर्ध्या तासाने टेगन फावडं घेऊन आली.

खणून झाल्यावर ती माझ्या शेजारी बसली. तोंड लाल झालं होतं. म्हणाली, "बाबा, दोर सोड ना. चालत जाऊ वर. दीडेक तास लागेल. थर्मास घेऊ, खायला चीज स्कोन घेऊ, वर बसू जरा आणि उतरून येऊ. बोर्ड नको काही नको."

मी तिला शांतपणे समजावलं. चालत जाणं म्हणजे स्नोबोर्डिंग नव्हे. संकल्प दोराने जाण्याचा आहे. अर्धवट केलेलं तिला तरी आवडेल का? आणि आजचा बर्फ हा नेमका माझ्या बोर्डचा बर्फ आहे, तो चालण्यात घालवायचा म्हणजे काय.

 ती "बरं" म्हणाली, फावडं उचललं आणि गेली. पटलं असावं.

दुपारी दोरावर तीन प्रयत्न. बर्फ जरा जास्तच मऊ होता.

५ सप्टेंबर

टेगन आली नाही. ती काम करते त्या कॅफेत कोणाची तरी शिफ्ट घेतली. रॉझ म्हणाली, तिने स्वतः मागून घेतली. जाण्याआधी पैसे जमवत असेल.

एकट्याने सराव करण्याचा फायदा असा, की मन एकाग्र होतं. बाजूला कोणी वाट बघत उभं असलं की दडपण येतं. आज चार वेळा पडलो, पण शांतपणे.

लॉजवर लवकर आलो. जेवताना समोरची खुर्ची रिकामी होती. तिथे मी माझे हातमोजे वाळत घातले.

१९ सप्टेंबर

आजही टेगन नाही. मैत्रिणींबरोबर समुद्रावर गेली.

घाबरायचं कारण नाही. पुढचा शनिवार आहे. सीझनचा शेवटचा दिवस, आणि ती येणार असं तिने कबूल केलंय. माझी तयारी पूर्ण आहे. ह्या आठवड्यात कडा घासायच्या, मेण लावायचं, बुटाच्या पट्ट्यांचे कोन नव्याने बसवायचे. आतापर्यंतचं सगळं अपयश त्या कोनांमुळे होतं, असं माझं मत झालंय.

२६ सप्टेंबर

जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

बर्फ वितळायला लागलाय. जॉईसने सकाळीच फळ्यावर लिहिलं की बाराला दोर बंद, या वर्षापुरता. टेगन साडेनऊला दोरापाशी गेली. मी म्हटलं, आलोच, कोन बघतो फक्त.

पुढचा पाय पंधरा अंश ठेवला. मग अठरा. मग मागचा पाय उणे सहा केला, तर गुडघा कुरकुरला, म्हणून पुन्हा पंधरा. एक स्क्रू झिजलेला निघाला. तसा दुसरा शोधायला शेडमध्ये गेलो. तिथे बरेच स्क्रू होते, पण वेगवेगळ्या जाडीचे, आणि कोणी ते नीट लावून ठेवलेले नव्हते, म्हणून ते आधी लावले.

बाहेर आलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मोटर बंद. टेगन पावणेबारापर्यंत थांबली असं मोटर बघणाऱ्याने सांगितलं. मग जॉईसबरोबर शेवटच्या दोराने वर गेली.

दोघी उतरताना दिसल्या. ती लांब वळणं घेत, अगदी सावकाश आली. संपवायचंच नसल्यासारखी. सवयीने टाळ्या वाजवल्या. हातमोजे काढायचे राहिले, त्यामुळे आवाज आला नाही.

घरी येताना गाडीत ती झोपली. झोपली असं मी धरतो.

१० ऑक्टोबर, विमानतळ

गेली. बोर्डची पिशवी वजन करताना मी तिच्या बुटाच्या पट्ट्यांचे कोन विचारले. तिला आठवत नव्हते. तिने कधी मोजलेच नव्हते.

मला मिठी मारली. बराच वेळ. मला म्हणायचं होतं ते आठवत होतं, पण तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि मी तिला पासपोर्ट वरच्या खिशात ठेव असं सांगितलं.

गाडी रॉझने चालवली. मी वाटेतले शंकू मोजले.

७ नोव्हेंबर, शनिवार

क्लबचा कामाचा दिवस. उन्हाळ्यासाठी दोर उतरवून शेडमध्ये ठेवायचा असतो. सगळ्या सभासदांना यावंच लागतं. बर्फ गेलाय, नुसतं पिवळं गवत आणि दगड. जॉईसने माझ्याकडे पान्यांची पिशवी दिली आणि सांगितलं, वरच्या कप्पीपाशी नेऊन ठेव, आम्ही मागून येतो. मी विचारलं, कसं जायचं? ती म्हणाली, पायांनी.

गमबूट घालून गेलो. मध्ये एकदा पाणी प्यायला थांबलो. पन्नास मिनिटं लागली.

माथ्यावर एक सपाट खडक आहे. पाठीमागे दुसरं खोरं, खाली नदीचे दहा-बारा फाटे, पलीकडे अख्खं मैदान. टेगन नऊ वर्षं इथे येत होती आणि मला घरी येऊन सगळं सांगायची. मी बर्फ कसा होता एवढंच विचारायचो. बसलो. वाईट वाटलं, फार वाईट. आसपास कोणी नव्हतं, म्हणून लिहायला हरकत नाही.

फोनला रेंज होती. स्वतःचा फोटो काढला, मागे नदी येईल असा, आणि टेगनला पाठवला. खाली लिहिलं, पोचलो वर.

मिनिटभरात उत्तर आलं. "अरे वा बाबा. कोणाबरोबर गेलास?"

अजून उत्तर दिलेलं नाही. तिकडे कालचाच शुक्रवार चालू आहे, म्हणजे माझ्या हातात जवळजवळ एक दिवस जास्तीचा आहे. घाईत काहीतरी लिहिण्यात अर्थ नाही.