जूनमधला हिवाळी कोट

२९ जून

गलगानो सकाळी गेला. दर वर्षीप्रमाणे. आळ्याआळ्यांतल्या घोड्यांच्या शर्यतीचे चार दिवस तो त्याच्या आळीत, भावाकडे. मी इथे, माझ्या आळीत. सिएनातल्या दोन वैरी आळ्यांतल्या माणसांनी लग्न केलं की असंच राहायचं. इतर जोडपी भांडून वेगळी होतात, आम्ही वेळापत्रकाप्रमाणे. फोनसुद्धा नाही. शर्यतीआधी बायकोला फोन केला, म्हणजे जॉकीची बातमी फोडली!

दुपारी चौकात घोड्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. आम्हाला घोडी अशी मिळाली की आई जागच्या जागी रडायला लागली. शहाऐंशी वर्षांची आहे. आम्ही शेवटचं जिंकलो तेव्हा तिचे केस काळे होते. सर्वांत जास्त वर्षं न जिंकलेल्या आळीला गावात ‘आजी’ म्हणतात. सध्या आजी आम्हीच.

आई म्हणाली, "दोन तारखेला शर्यतीच्या वेळी चौकातल्या कठड्यापाशी माझ्या शेजारी उभी राहा. हात सोडायचा नाही. गेल्या खेपेला तू शिंकलीस म्हणून हरलो."

घोडा नाही, जॉकी नाही. माझी शिंक!

संध्याकाळी रुमाल शोधायला कपाट उघडलं. गलगानोचा करडा कोट नाही. हिवाळ्यातला, जाड. बाहेर छत्तीस अंश. पलीकडच्या टेकाडावर भावाकडे चार दिवस राहायला कोण कोट नेतं?

कोट नेतो तो माणूस हिवाळ्यातही तिथेच असणार असतो.

३० जून

सकाळी मिलानहून तेओदोराचा फोन. मी ज्यात प्रवासाचं सदर लिहिते, त्या मासिकाची संपादक. प्रत्येक वाक्य नुकताच पुरस्कार मिळाल्यासारखं बोलते.

"नेद्दा, सदर उद्या हवं हं. एकटी प्रवासी, ऐतिहासिक शहर, एक दिवस. ह्या वेळी तुझंच शहर कर ना, भाडं वाचेल! फक्त शर्यत नको. गर्दी वाटते. शांतता लिही. आणि कुणा स्थानिकाशी एक हृद्य भेट. वाचकांना तेच आवडतं."

शर्यतीच्या आठवड्यात सिएनातली शांतता. पुढच्या महिन्यात म्हणेल, व्हेनिस कर, पण पाणी नको.

असो. धंदा आहे. गवती हॅट घातली, काळा चष्मा, सँडलमध्ये मोजे, हातात नकाशा. नकाशा उलटा धरला, म्हणजे खरा वाटतो. जन्मल्या गावात प्रवासी म्हणून निघाले. कॅथीड्रलपुढे उभं राहून तोंड उघडं ठेवलं. शाळेनंतर पहिल्यांदाच घंटाघर चढले. वर गुडघ्यांनी विचारलं, कशासाठी? मी ‘वाऱ्याशी हितगुज’ असं टिपून ठेवलं.

चौकात कॉफी मागितली, आमच्याच बोलीत. वेटरने इंग्रजीत उत्तर दिलं आणि दुप्पट पैसे लावले. ह्याच्या बारशाला मी जेवले होते! पण वेश जमला म्हणायचा.

तेव्हाच मनात आलं. ह्या वेशात एक गोष्ट करता येईल, जी नेद्दाला ह्या चार दिवसांत करता येत नाही.

त्याच्या आळीत शिरले. तीस वर्षांच्या संसारात ह्या दिवसांत पहिल्यांदा. कुणी अडवलं नाही. प्रवाशांना कोण अडवतं? वैर फक्त ओळखीच्यांशी असतं. सगळीकडे त्यांचे झेंडे, गल्लीभर जेवणाची लांब टेबलं मांडलेली. माझी जाऊ इलेआना चादरी अंथरत होती. मी नकाशात नाक खुपसून पुढे सरकले.

"हॅट काढ, नेद्दा. त्या बदकाच्या चालीला हॅट पुरत नाही."

"हळू बोल गं!"

"हेरगिरीला आलीस? आमचा घोडा लंगडतोय. जा, सांग तुझ्या आईला, खूश होईल."

"घोडा गेला खड्ड्यात. गलगानोला बाहेर बोलाव. एकच गोष्ट विचारायची आहे."

चादर तिच्या हातातच राहिली. "गलगानोला? तो तुझ्याकडे नाही?"

"माझ्याकडे कसा असेल? शर्यत आहे!"

"अगं, सहा वर्षं झाली, शर्यतीच्या दिवसांत तो ह्या टेबलावर बसलेला नाही. आम्ही समजतो, तूच त्याला पदराला बांधून ठेवलायस. माझा नवरा त्याचं नाव काढू देत नाही. म्हणतो, वैऱ्याच्या घरी झोपतो, तो भाऊ कसला?"

घरात वाद नको म्हणून शर्यतीचा विषय आम्ही वर्षभर काढत नाही. ते त्याच्याशी काढत नाहीत, तो माझ्याशी नाही. सहा वर्षं छान शांतता!

मागून कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं ती?"

इलेआना मोठ्याने म्हणाली, "कोण असणार! रस्ता चुकलेली प्रवासी." आणि हळूच, "डावीकडून जा. तिथे कुणी ओळखणार नाही. आणि त्या मेल्याचा पत्ता लागला की मला कळव."

झाली स्थानिकाशी हृद्य भेट. घे लिहून, तेओदोरा.

घरी येऊन गलगानोला फोन लावला. बंद. पुन्हा. बंद. मग बसून लेख पुरा केला, शांततेवर. चांगला झालाय. हीच तर शरमेची गोष्ट!

१ जुलै

दुपारी त्याचाच फोन.

"एवढे फोन? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. तू कुठे आहेस?"

"पाऊस पडतोय इथे."

"सिएनात थेंब नाही."

मग म्हणाला, "बर्गनला आहे."

"नॉर्वेत?"

"तू हिवाळ्यात त्यावर लिहिलं होतंस. उन्हाळ्यातही कोट न्या, असं तूच लिहिलंस. म्हणून आणला. पण ती म्हातारी काही सापडत नाही. धक्क्यामागे माशाचं सूप देणारी. दोन दिवस शोधतोय."

"ती तेओदोराने लेखात घुसडली होती!"

"वाटलंच. तू इतकं गोड लिहीत नाहीस."

सहा वर्षं! दर वर्षी माझ्या सदरातलं एक शहर. एकटा. दर वर्षी दोन तारखेला संध्याकाळी, साडेसातच्या गाडीने परत. नेमकी शर्यतीची वेळ, स्टेशनात चिटपाखरू नसतं. रात्र तिथल्याच एका हॉटेलात. सकाळी घरी — भावाकडून आल्यासारखा, चेहऱ्यावर जागरण लावून.

"का पण?"

"मला ती शर्यत बघवत नाही, नेद्दा. कधीच बघवली नाही. वळणावर घोडे पडतात ना, तेव्हा मी लहानपणापासून डोळे मिटून घेतो. हे त्या गावात कुणाला सांगू? भावाला? तुझ्या आईला?"

"मला."

"तू तर कठड्यावर चढून ओरडतेस."

चढते.

"इथे कुणी विचारत नाही, कुठल्या आळीचा," तो म्हणाला. "बरं वाटतं. ह्या वेळी फार बरं वाटतंय."

"उद्याच्या गाडीत आहेस ना?"

"तिकीट आहे. बघू." मग घाईघाईने, "तू मात्र जा कठड्यापाशी. घोडी चांगली आहे म्हणे. इथल्या हॉटेलवाल्याला पण माहीत आहे."

बघू! तीस वर्षांनंतर — बघू.

२ जुलै, दुपार

घोडीला आशीर्वादासाठी आमच्या देवळात नेलं. तिने वेदीसमोर लीद टाकली. शुभशकुन! पाद्रीबाबांसकट सगळे आनंदाने रडले. आईने माझा हात धरून ठेवलाय, लिहिताना त्रास होतोय. विचारते, "कुणाला लिहितेस? सात वाजता निघायचं हं."

३ जुलै

आईला शेजारणीच्या हाती दिलं, म्हटलं, पाणी घेऊन येते. साडेसातला स्टेशनात फक्त मी. तिकीटखिडकीसुद्धा बंद. गाडी आली. एकच माणूस उतरला, अंगात करडा कोट. मला बघून दारातच थांबला. तेवढ्यात वर गावात शर्यतीची तोफ उडाली, आणि थोड्या वेळाने जिंकलेल्या आळीची घंटा सुरू झाली. आमच्या देवळाची. त्यानेही ओळखली. म्हणाला, "पळ, नेद्दा!" मी त्याची बॅग घेतली.

आम्ही जिंकलो. असं म्हणतात.